पाणबुडी बॅटरीवर चालते, मग धोका कुठे असतो? ‘सिंधुरक्षक’ची पूर्ण गोष्ट

गेल्या संकष्टीला आमच्या राजूरच्या घरी पाहुण्यांची गर्दी होती. राजुरेश्वराचं दर्शन झालं की जालना-भोकरदनकडचे नातेवाईक चहाला आमच्याकडं टेकतातच. दुपारी लाईट गेली आणि दहाव्या मिनिटाला इन्व्हर्टर ओरडायला लागला. एका एक्स्टेन्शन बोर्डावर सहा मोबाईल चार्जिंगला लावलेले, दोन पंखे चालू. शेवटी मिस्त्रीला बोलावलं. त्यानं बॅटरीची झाकणं उघडली, काचेच्या नळीनं आतलं ॲसिड ओढून बघितलं आणि आधी आमच्यावरच चिडला.

“दादा, ही चार्ज होताना हिच्यातून गॅस निघतो. शेजारी समई कोणी ठेवली?”

आमचं देवघर आणि इन्व्हर्टर एकाच कोपऱ्यात, जिन्याखाली. इतकी वर्षं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

हे सगळं चालू असताना माझा मामेभाऊ मोबाईलवर पाणबुडीचा व्हिडिओ बघत होता. बारावी झालीय, नौदलाच्या अग्निवीर भरतीची तयारी करतोय. मामींनी मला विचारलं, “तू टेक्नॉलॉजीचं लिहितोस ना? मग सांग बरं. याला पाणबुडीत घातलं तर धोका असतो का रे?”

मी पटकन “नाही हो मामी” म्हणून टाकलं. रात्री मात्र ते उत्तर मलाच खोटं वाटायला लागलं. मिस्त्री ज्या गॅसबद्दल बोलत होता, त्याच गॅसमुळे २०१० मध्ये एका भारतीय पाणबुडीत आग लागली होती आणि एक नौसैनिक गेला होता. तीच पाणबुडी २०१३ मध्ये मुंबईच्या नौदल गोदीत बुडाली आणि १८ जण गेले. तिचं नाव आयएनएस सिंधुरक्षक.

आज हा विषय घेण्याचं अजून एक कारण आहे. पाणबुड्यांच्या बातम्या सध्या सतत येतायत. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली सहावी स्कॉर्पिन पाणबुडी ‘वाघशीर’ १५ जानेवारी २०२५ रोजी नौदलात दाखल झाली. पुढच्या सहा पाणबुड्यांसाठी जर्मन कंपनीसोबत २०२५ मध्ये वाटाघाटी सुरू झाल्या. अंबरनाथच्या प्रयोगशाळेत तयार झालेली नवी ऊर्जा यंत्रणा पाणबुडीत बसवायचा करार झालाय. या सगळ्या बातम्या समजून घ्यायच्या असतील, तर आधी एका पाणबुडीचं आयुष्य नीट बघायला हवं.

डिझेल-इलेक्ट्रिक म्हणजे नेमकं काय?

सोपं आहे. घरात लाईट असते तेव्हा इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होते आणि लाईट गेली की तीच बॅटरी घर चालवते. डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडीत ‘लाईट असणे’ म्हणजे डिझेल इंजिन चालू असणे. इंजिन जनरेटर फिरवतं, जनरेटर बॅटरी भरतो. पाणबुडी खोल गेली की इंजिन बंद. मग पंखा फिरवणारी मोटर, दिवे, स्वयंपाकाची शेगडी, सोनार, हवा खेळती ठेवणारे ब्लोअर हे सगळं बॅटरीवर.

इंजिन खाली का चालवत नाहीत? कारण डिझेल जळायला हवा लागते आणि पाण्याखाली हवा नाही. म्हणून बॅटरी उतरली की पाणबुडीला पृष्ठभागाजवळ यावं लागतं. ती स्नॉर्केल नावाची नळी पाण्याबाहेर काढते, हवा आत ओढते आणि चार्जिंग करते. म्हशी उन्हाळ्यात तळ्यात फक्त नाकपुड्या बाहेर ठेवून बसतात ना, तसंच. पण त्या वेळी नळी रडारवर दिसू शकते आणि इंजिनाचा आवाज लांबपर्यंत ऐकू जातो. लपून राहणं हेच जिचं काम, तिला चार्जिंगसाठी स्वतःला उघडं करावं लागतं.

बॅटरी किती टिकते? तुमच्या फोनसारखंच, वापरावर आहे. सिंधुरक्षक ज्या जातीची होती त्या रशियन ‘किलो’ पाणबुड्या ताशी ३ नॉट, म्हणजे साधारण साडेपाच किलोमीटर वेगानं एका चार्जवर सुमारे ४०० सागरी मैल जाऊ शकतात. हा माणसाच्या चालण्याचा वेग झाला, आणि त्या वेगानं पाच-साडेपाच दिवस निघतात. पण पूर्ण वेगानं पळवली तर तीच बॅटरी तासाभराच्या आत संपते. गेम खेळताना फोनचं होतं तसंच.

आपल्या जिन्याखालची आणि समुद्राखालची

इथं मला खरा धक्का बसला. मला वाटायचं पाणबुडीत काहीतरी भलतीच बॅटरी असणार. पण सिंधुरक्षकमध्ये होती ती लेड-ॲसिड. भारताच्या आजच्या स्कॉर्पिनमध्येही तीच. शिसं, सल्फ्युरिक ॲसिड आणि पाणी. आपल्या इन्व्हर्टरमध्ये, ट्रॅक्टरमध्ये असते तीच केमिस्ट्री.

फरक आकाराचा. इन्व्हर्टरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीत २ व्होल्टचे सहा सेल असतात आणि ॲसिडसकट वजन साठेक किलो भरतं. किलो जातीच्या पाणबुडीत १२० सेलचे दोन गट असतात. स्कॉर्पिन जातीच्या ‘कलवरी’त ३६० सेल आहेत आणि एकेक सेल ७५० किलोचा. गुणाकार करा: २७० टन नुसती बॅटरी. पाण्याखालच्या एकूण वजनाच्या पंधरा टक्क्यांच्या आसपास.

आता मिस्त्रीच्या गॅसकडं येऊ. लेड-ॲसिड बॅटरी भरत आली की येणारी वीज आतल्या पाण्याचंच विघटन करायला लागते. त्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघतो. म्हणूनच अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर टाकावं लागतं. हायड्रोजनला रंग नाही, वास नाही. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरते.

घरात खिडकी उघडली की गॅस निघून जातो. पाणबुडीला खिडकी नसते. म्हणून बॅटरीच्या कप्प्यात सतत हवा फिरवतात, हायड्रोजन मोजणारी यंत्रं असतात, गॅसचं परत पाण्यात रूपांतर करणारी उपकरणं असतात. आणि माणसं असतात. एकेक सेलचा व्होल्टेज, तापमान, ॲसिडची घनता तपासून नोंद करणारी. मिस्त्रीनं काचेच्या नळीनं जे केलं तेच, पण शेकडो सेलसाठी आणि पुन्हा पुन्हा. पाणबुडीची सुरक्षितता या कंटाळवाण्या कामावर उभी असते.

सिंधुरक्षक: १९९७ ते २०१७

भारतानं १९८६ ते २००० या काळात किलो जातीच्या दहा पाणबुड्या घेतल्या. पहिली सिंधुघोष, शेवटची सिंधुशस्त्र. सिंधुरक्षक रशियात सेंट पीटर्सबर्गला बांधली गेली आणि डिसेंबर १९९७ मध्ये नौदलात आली. लांबी ७२ मीटरच्या वर, पाण्याखालचं वजन तीन हजार टनांच्या पुढं, आत पन्नासेक माणसं.

फेब्रुवारी २०१०, विशाखापट्टणम. पाणबुडी बंदरात असताना बॅटरीच्या कप्प्यात स्फोट होऊन आग लागली. एका नौसैनिकाचा मृत्यू झाला, दोघे जखमी झाले. बॅटरीच्या सदोष व्हॉल्व्हमधून हायड्रोजन गळाला, असं कारण पुढं आलं. त्या वेळी समोर शत्रू नव्हता, वादळ नव्हतं. एका छोट्या भागानं काम केलं नाही, इतकंच.

२०१० ते २०१३, रशिया. त्याच वर्षी तिला मोठ्या दुरुस्तीसाठी रशियाच्या उत्तरेला, सेवेरोद्विन्स्कच्या गोदीत नेलं. सुमारे ८ कोटी डॉलर खर्च झाला. क्लब क्षेपणास्त्रं, भारतात बनलेलं ‘उशस’ सोनार, नवी संपर्क यंत्रणा, सगळं बसवलं. २०१३ च्या सुरुवातीला, ऐन थंडीत, ती बर्फाळ समुद्रातून स्वतःच्या बळावर निघाली. वाटेत भूमध्य समुद्रात इजिप्तजवळ तिला मोठ्या वादळानं गाठलं आणि मदत घ्यावी लागली. एवढं सगळं पार करून ती मुंबईत पोचली.

१४ ऑगस्ट २०१३, मुंबई. स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, मध्यरात्र नुकतीच उलटून गेली असताना, नौदल गोदीत उभ्या असलेल्या सिंधुरक्षकमध्ये पाठोपाठ स्फोट झाले. आगीचा लोळ मुंबईकरांनी लांबून बघितला. शेजारी उभ्या सिंधुघोषलाही झळ बसली. आतमध्ये तीन अधिकारी आणि पंधरा नौसैनिक होते. एकही वाचला नाही. मृतदेह ओळखण्यासाठी डीएनए चाचण्या कराव्या लागल्या. युद्ध नसताना भारतीय नौदलानं गमावलेली ही पहिली पाणबुडी.

२०१४ आणि २०१७. जून २०१४ मध्ये तिचा सांगाडा पाण्यातून वर काढला. २०१७ मध्ये तो अरबी समुद्रात खोलवर बुडवून टाकण्यात आला.

म्हणजे ज्या दुरुस्तीनं तिला अजून बरीच वर्षं मिळायची, त्यानंतर तिला मुंबईत काही महिनेच मिळाले.

बॅटरीवर सगळं ढकलू नका

२०१३ च्या घटनेनंतर पहिल्या दिवसांत बऱ्याच जणांनी बॅटरीवरच संशय घेतला. २०१० चं आठवून मलाही तसंच वाटलं होतं. पण स्फोट झाले ते पुढच्या भागात, जिथं टॉर्पेडो आणि इतर शस्त्रं असतात. पाणबुडी पुढच्या कामगिरीसाठी शस्त्रं भरून तयार होती.

मग दोन्ही घटनांचा एकमेकींशी काय संबंध? तो कॅगच्या अहवालात सापडतो. २०१७ मध्ये संसदेत मांडलेल्या या अहवालात नौदलाच्या चौकशीतल्या दोन गोष्टी आल्या. एक, पाणबुडीला कामगिरी देताना आतल्या माणसांच्या थकव्याचा नीट विचार झाला नव्हता. दोन, पाणबुडीवर असा दारूगोळा होता ज्याची मुदत संपत आलेली होती.

हे दोन मुद्दे परत वाचा. थकलेली माणसं आणि मुदत संपत आलेला माल. यात रॉकेट सायन्स काहीच नाही. औषधाच्या पाकिटावरची तारीख बघणं आणि रात्रभर गाडी चालवलेल्या ड्रायव्हरला झोपू देणं, या पातळीच्या गोष्टी आहेत. २०१० मध्ये व्हॉल्व्ह, २०१३ मध्ये मुदत आणि विश्रांती. भाग वेगळे, पण दोन्हीकडं विषय देखभालीचाच.

आणि हे तिथंच थांबलं नाही. २६ फेब्रुवारी २०१४ ला मुंबईजवळच्या समुद्रात आयएनएस सिंधुरत्नमध्ये धूर झाला. ही १९८८ ची पाणबुडी, नुकतीच दुरुस्तीतून बाहेर पडून चाचण्यांसाठी गेलेली. आग आणि धूर आवरताना दोन अधिकाऱ्यांचा मृत्यू झाला. चौकशीत बोट गेलं ते विजेच्या केबलींकडं. त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला.

फक्त आपल्याकडंच होतं का?

नाही. अर्जेंटिनाची ‘सान हुआन’ ही जर्मन बनावटीची डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडी १९८५ पासून सेवेत होती. तिचीही मोठी दुरुस्ती झाली होती. १५ नोव्हेंबर २०१७ ला तिच्या कप्तानानं कळवलं की स्नॉर्केलच्या वाटेनं समुद्राचं पाणी आत आलं आणि पुढच्या बॅटरीत शॉर्टसर्किट होऊन आग लागली. त्यानंतर संपर्क तुटला. वर्षभरानं ती सुमारे ९०० मीटर खोल समुद्रतळावर सापडली. ४४ जण गेले.

म्हणजे हवा घेण्याची वाट आणि बॅटरी, या दोन जागा जगभरातल्या अशा पाणबुड्यांच्या नाजूक जागा आहेत. देश कुठलाही असो, केमिस्ट्री बदलत नाही.

मग नवीन टेक्नॉलॉजीनं काय बदलेल?

दोन वाटा आहेत.

पहिली एआयपी. म्हणजे वरची हवा न घेता वीज बनवणारी यंत्रणा. डीआरडीओची नौदलासाठी काम करणारी प्रयोगशाळा आपल्या अंबरनाथला आहे. तिथं फ्युएल सेलवर चालणारी यंत्रणा तयार झाली आणि मार्च २०२१ मध्ये तिची जमिनीवरची महत्त्वाची चाचणी यशस्वी झाली. गंमत बघा, बॅटरीत ज्या हायड्रोजनची भीती, तोच इथं इंधन आहे. पण तो टाक्यांत भरून न्यायचा नाही. लागेल तसा पाणबुडीतच बनवायचा आणि लगेच वापरायचा, असं हे डिझाइन आहे. एआयपी असलेली पाणबुडी हळू वेगानं दोन आठवड्यांच्या आसपास खाली राहू शकते. ३० डिसेंबर २०२४ ला संरक्षण मंत्रालयानं ही यंत्रणा बसवण्यासाठीचा भाग बांधायला माझगाव गोदीसोबत सुमारे १,९९० कोटींचा करार केला. पाकिस्तानच्या फ्रेंच बनावटीच्या अगोस्टा पाणबुड्यांत एआयपी कधीच आलंय, त्यामुळं हा विषय आपल्यासाठी निकडीचा आहे.

दुसरी वाट लिथियम-आयन, म्हणजे तुमच्या खिशातली बॅटरी. जपाननं मार्च २०२० मध्ये ‘ओर्यू’ ही लिथियम-आयन बॅटरीची पाणबुडी सेवेत आणली. जास्त ऊर्जा, झटपट चार्जिंग, आणि चार्ज करताना हायड्रोजन निघत नाही. मग सगळ्यांनी तीच का घेऊ नये? कारण लिथियमचा सेल बिघडून तापला तर शेजारच्या सेललाही पेटवू शकतो आणि ती आग विझवणं अवघड असतं. फुगलेल्या फोनचे फोटो तुम्ही बघितलेच असतील. तशी हजारो किलो बॅटरी बंद नळकांड्यात आहे असं समजा. म्हणजे धोका गेला नाही, फक्त त्याचं रूप बदललं. देखभाल तेव्हाही लागणारच.

संख्येचं गणित

आता मुद्द्याचं. १९९९ मध्ये, कारगिलच्या वर्षी, केंद्र सरकारनं ३० वर्षांत २४ पाणबुड्या बांधायची योजना मंजूर केली. स्कॉर्पिनचा करार २००५ ला झाला. पहिली ‘कलवरी’ डिसेंबर २०१७ मध्ये आली. दुसरी ‘खांदेरी’, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांनी वसवलेल्या जलदुर्गाच्या नावाची, सप्टेंबर २०१९ मध्ये. सहावी २०२५ मध्ये. पुढच्या सहांच्या प्रकल्पाला पहिली मंजुरी २००७ ची, निविदा २०२१ ची आणि माझगाव गोदी व जर्मनीच्या टीकेएमएस यांच्याबरोबर वाटाघाटी २०२५ मध्ये. म्हणजे त्या योजनेतल्या २४ पाणबुड्यांपैकी ३० पैकी २५ वर्षं सरल्यावर सहाच समुद्रात होत्या.

नव्या वेळेवर येत नाहीत तेव्हा जुन्यांवर भार येतो. किलो पाणबुड्यांचं मूळ आयुष्य २५ वर्षांचं धरलेलं. सिंधुध्वज २०२२ मध्ये निवृत्त झाली तेव्हा तिची ३५ वर्षं झाली होती. आयुष्य वाढवणं चुकीचं नाही, नीट दुरुस्ती केली तर चालतं. पण संख्या कमी असली की प्रत्येक पाणबुडीला ‘अजून एक फेरी’ मारायला लावायचा मोह होतो. गोदीत बॅटरी बदलायला उभी केलेली पाणबुडी कागदावर ‘उपलब्ध नाही’ अशी दिसते. दुरुस्ती पुढं ढकलली की आकडा छान दिसतो. मला यातला हा दबाव सगळ्यात धोकादायक वाटतो. तो कुठल्या यंत्रावर मोजता येत नाही.

पुढची बातमी वाचताना हे चार प्रश्न विचारा

१. नवी पाणबुडी आली, तर जुन्या किती आणि किती वर्षांच्या?

२. करार आणि प्रत्यक्ष दाखल होण्यात किती वर्षं गेली?

३. दुरुस्तीत उशीर झाला का, आणि तोपर्यंत त्या पाणबुडीचं काम कुणी केलं?

४. अपघातानंतरच्या चौकशीतून लोकांसमोर किती आलं? सिंधुरक्षकच्या थकलेल्या माणसांबद्दल आपल्याला कळलं ते चार वर्षांनी, कॅगमुळं.

आणि घरच्यासाठी एवढं करा

इन्व्हर्टरची बॅटरी बंद कपाटात ठेवू नका, हवा लागू द्या. शेजारी समई, अगरबत्ती, गॅस शेगडी नको. नळाचं पाणी टाकू नका, डिस्टिल्डच. झाकणं उघडताना डोळे सांभाळा, काडी पेटवून पातळी बघायचा उद्योग तर अजिबात करू नका.

आमची समई आता देवघराच्या दुसऱ्या बाजूला गेलीय आणि जिन्याखालच्या कपाटाचं दारच काढून टाकलंय. मामींना मी दोन दिवसांनी फोन केला. म्हणालो, “मामी, त्या दिवशी चुकीचं सांगितलं. धोका असतो. पण पाण्याखाली जातात म्हणून तेवढा नाही, देखभाल राहिली की जास्त.”

मामी थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मग ती देखभाल कोण बघतं?”

“तीच मुलं,” मी म्हणालो. “विशाखापट्टणमला आयएनएस सातवाहनवर त्यांना तेच शिकवतात. सेल मोजायचे, गॅस बघायचा, नोंद करायची. फक्त वरच्यांनी त्यांना तेवढा वेळ दिला पाहिजे.”

मामेभाऊ अजून तयारी करतोय. रोज सकाळी जालना रोडला पळायला जातो. मिस्त्री परवा परत आला होता, तेव्हा यानं त्याच्याकडून ती काचेची नळी मागून घेतली आणि आमच्या बॅटरीचे सहाही सेल स्वतः तपासले. एकात पाणी कमी होतं.